कादरभाईंनी आणलेली काठी

परवा पुतण्या आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "काकू, तुमच्या घरी म्हणे पहिले मासे धरायची विलायती काठी होती. म्या यवतमाळले दुकानात पाह्यली एक. लय महाग हाय. घेऊ का? पैसे वसूल होतेत का तिचे?"

मी म्हटलं, "नको घेऊ. आमची खोटी निघाली होती. कादर नावाच्या मानसानं फसवलं होतं तुह्या काकाले."

एवढं बोलून मी पुन्हा मेथी निवडायला लागले. इतकी वर्षं हेच उत्तर देत आले आहे, जिभेला सवय झाली आहे. पुतण्या गेल्यावर मात्र उठले, नातीची एक अर्धी भरलेली वही घेतली आणि बसले. चौथी पास आहे मी. अक्षर अजून चांगलं आहे.

काठी खोटी नव्हती. कादरभाईंनी कोणालाही फसवलं नाही. हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवळात हात जोडायचे तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालून बाकीचं सगळं सांगायचे. आता लिहिते आहे. वाचून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आधी मी कोण ते सांगते. मी भोयाची मुलगी. आमचं गाव वाघाडी नदीच्या काठावर, घाटंजीपासून पायी जाण्याइतकं. माझा बाप जाळं टाकायचा आणि त्याला मुलगा नाही म्हणून — की मीच हट्टी होते म्हणून, कोण जाणे — त्याने मला गळ टाकायला शिकवलं. बांबूची काठी, सुताची दोरी, मोराच्या पिसाची दांडी तरंगायला. डोहात मासा कुठे बसतो ते मला पाण्याकडे बघून कळायचं. अजून कळतं. यात बढाई नाही. कोणाला भाकरी चांगली येते, मला मासे धरणं येत होतं.

लग्न झालं ते घाटंजीच्या जिनिंगमधल्या फिटरशी. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही मिस्त्रीच म्हणते. तेही आमच्याच जातीचे, पण त्यांच्या घराने नदी सोडून दोन पिढ्या झाल्या होत्या. सासू पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "हे पाय, नदीवर आता धुनं धुवाले जायाचं. गरी गिरी धराची नाही. तू मिस्त्र्याची बायको हायस." मी मान हलवली. काय करणार होते? अठरा वर्षांची होते.

मिस्त्रींना मात्र नदीचं वेड लागलं. गंमत बघा — ज्याला येत होतं तिला बंदी, आणि ज्याच्या बापानेही कधी गळ धरला नाही त्याला हौस. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद. मग चैत्रापासून ते रिकामे. सकाळी बांबू खांद्यावर टाकून निघायचे आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत यायचे, पिशवीत बोटाएवढ्या चार मासोळ्या. वर गांडुळाची त्यांना किळस! यंत्राच्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण गांडूळ धरायचं म्हटलं की तोंड फिरवायचे. म्हणून गांडुळं मी खणायची, गळावर मी लावायची, दोरीला गाठ मी मारायची. एवढं सासूला चालत होतं. हातात काठी धरायची नाही, बस.

ही महाराष्ट्र झाला त्याच्या मागच्यापुढच्या वर्षातली गोष्ट. घाटंजीत कादरभाईंचं सायकली आणि इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. मिस्त्रींचे ते लहानपणापासूनचे दोस्त. महिन्यातून एकदा ते सुटे भाग आणायला नागपूरला जायचे, आणि अर्धं गाव त्यांच्याजवळ पैसे देऊन ठेवायचं. कोणाचा चष्मा, कोणाच्या आईचं औषध, कोणाच्या लग्नाचं घड्याळ. कोणी कधी चिठ्ठी मागितली नाही. कादरभाईंनी आणलं म्हणजे बरोबर आणलं. त्यांचं दुकान चालायचं ते या भरवशावर, पान्यावर नाही.

त्यांच्याकडून मिस्त्रींनी ती काठी मागवली. माझ्या शिलाई मशीनसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले.

आता इथे थांबते जरा. कारण इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — की मशीनचे पैसे गेले म्हणून मला राग आला, आणि रागात मी ते केलं. बाईचा राग, रास्त राग. ऐकायला किती बरं वाटतं ना? तुम्हीही म्हणाल, बरोबर केलं बाईनं. पण ते तसं नाही. मशीनचा राग आला होता, खरं आहे, दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. ज्याच्यासाठी मी ते केलं ते निराळंच आहे.

ती काठी तुम्ही पाहिली नाही. तीन तुकड्यांची होती, पितळी जोड एकमेकांत बसायचे, हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं. मधासारखा रंग. मुठीला बुचाचं लाकूड. खाली चाक, त्यावर काचेसारखी बारीक दोरी, आणि चाक फिरलं की कर्र कर्र असा आवाज. कादरभाईंनी ती आमच्या ओट्यावर उघडली तेव्हा म्हणाले, "भाभी, ये देखो. साहेब लोकांची चीज आहे. मी दुकानदाराला तीनदा परत पाठवलं — हे नको, वरचं काढ." मिस्त्री लहान पोरासारखे हसत होते. मी दारात उभी होते. कादरभाईंनी काठी आडवी करून माझ्यापुढे धरली, बघायला. आणि सासू आतून खाकरली. मी हात पुढे केला नाही.

जेठ महिन्यात एक दिवस मिस्त्री यंत्रं तपासायला जिनवर गेले, सासू तिच्या बहिणीकडे. मी गोधड्या डोक्यावर घेतल्या. गोधड्यांच्या आत काठीचे तीन तुकडे. वरच्या डोहावर गेले, जिथे कोणी धुवायला येत नाही. जोडली. टाकली.

काय सांगू तुम्हाला? बांबूने दोरी जिथे पडायची त्याच्या चौपट लांब, मला हव्या त्या दगडाच्या पलीकडे, पाण्याला कळू न देता पडली. आणि मासा लागायच्या आधी, नुसता नाकाने हुंगत असताना, ते मला मनगटात समजलं. बांबूत असं कधी समजलं नव्हतं. मग लागला — मरळ, माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत लांब. बांबू असता तर मोडला असता, नाहीतर दोरी तुटली असती. ही काठी वाकली, वाकली, आणि त्याच्याबरोबर चालत राहिली. चाक बोलत होतं. मी त्याला दमवलं आणि काठावर घेतलं. कोणी बघायला नव्हतं. घरी नेला असता तर काय सांगणार होते? मी तो परत पाण्यात सोडला. भोयाची पोर, हाती आलेला मासा जन्मात पहिल्यांदा सोडला.

तर महागाची काठी तेवढ्या पैशाची आहे का — आहे. शंभर टक्के आहे. ज्याला येतं त्याच्या हातात आहे.

घरी येऊन काठी पुसून खुंटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गांडुळं खणली, गळाला लावली आणि ती काठी मिस्त्रींच्या हातात दिली. त्या दिवशी कळलं, माझ्या आत काय होतं आहे ते. आणि वाईट म्हणजे, त्यांचा हात बसत चालला होता. आषाढात ते बऱ्यापैकी मासे आणायला लागले. काठी शिकवत होती त्यांना. लोक म्हणायचे, "वा मिस्त्री!" आणि मला म्हणायचे, "तुम्ही नशीबवान, रोज मासोळी." मला ते सहन होत नव्हतं. हे लिहायला लाज वाटायला पाहिजे, पण खोटी लाज कशाला आणू? मला सहन होत नव्हतं.

मग श्रावण आला. श्रावणात आमच्याकडे कोणी मासमच्छी खात नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, आणि त्या दिवशी सगळे महिनाभराची कसर काढतात. मिस्त्रींनी जिनमधल्या सगळ्यांना सांगून टाकलं — या करीला कोणी बोकड पाहू नका, कोणी बाजारातून काही आणू नका. फक्त वाटण वाटून ठेवा. मासे माझ्या काठीचे.

पोळ्याच्या संध्याकाळी सगळं गाव तोरणाखाली बैल बघायला गेलं होतं. ढोल ऐकू येत होते. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. मिस्त्रींच्या पेटीतून बारीक कानस काढली. गळाच्या टोकाला आतून एक उलटा दात असतो, तुम्हाला माहीत असेल. मासा एकदा लागला की त्या दातामुळे सुटत नाही. तो दात मी घासून काढला. टोक तसंच ठेवलं, धारदार. फार वेळ लागला नाही. गळ पुन्हा बांधला. गाठ नेहमीसारखीच मारली.

मनात काय होतं? एकदा फजिती व्हावी, बस. मग ते काठी ठेवून देतील, ती कोपऱ्यात पडेल, आणि मग कधीमधी गोधड्या धुवायला नेता येईल. इतकाच माझा हिशेब होता. पुढचं मला दिसलं नाही.

करीच्या सकाळी डोहावर जत्रा भरली. जिनमधले पंधरावीस जण, त्यांच्या बायका घमेली घेऊन. मी गांडूळ लावून काठी हातात दिली. पहिलाच मासा लागला, मोठा. चाक बोललं, सगळे ओरडले — मासा उडाला, डोकं झटकलं, दोरी जराशी सैल पडली आणि गेला. दुसरा लागला, गेला. तिसरा काठाशी आला होता, एका बाईने घमेलं पुढे केलं होतं. गेला.

मग लोक सुरू झाले.

"मिस्त्री, वाटन सुकून राह्यलं घरी!"

"काठी विलायती, मासे घाटंजीचे. त्याइले इंग्रजी येत नाही, मराठीत बोलून पाहा!"

"अबे चूप, मिस्त्री मासे मोजून राह्यले. पकडाचे उद्या हायेत!"

मिस्त्री आधी हसले. मग हसेनासे झाले. सातव्या की आठव्या वेळी त्यांनी दोरी ओढून गळ माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "पाय बरं, गरी ठीक हाय का? तुले कळते त्यातलं."

तुले कळते त्यातलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि हे ते पहिल्यांदा बोलले. तेही त्या क्षणी. मी गळ बोटांत फिरवला, अगदी नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "ठीकच तर हाय." आणि चटकन नवं गांडूळ चढवलं, टोकापासून वरपर्यंत.

दुपारी सगळी घमेली रिकामी परत गेली. दहाबारा घरांत वाटण वाटलेलं होतं आणि मासा नव्हता. त्या दिवशी आमच्या गल्लीत लोकांनी तिखट वाटणात वांगी शिजवली. मिस्त्रींनी काठी घरी आणलीच नाही, तशीच जिनच्या खोलीत नेऊन टाकली. गळ बदलायचा मी विचार केला होता. संधी मिळाली नाही.

लोकांनी त्यांना "विलायती भोई" म्हणायला सुरुवात केली. फिटर माणूस, कामात त्यांची चूक कोणी काढू शकत नव्हतं. त्यांना ते झोंबलं. आपला हात वाईट हे कबूल करायला मन तयार नव्हतं. गळ ठीक होता, बायकोने बघितला होता. मग उरलं कोण?

बाजाराच्या दिवशी, कादरभाईंच्या दुकानासमोर, भर गर्दीत मिस्त्री म्हणाले, "कादर, खरं सांग. हलका माल घेतला ना तू? वरचे पैसे खाल्ले ना?"

मी तिथे होते. पिशवीत कांदे घेत होते. कादरभाई सायकलीच्या चाकाला आऱ्या लावत होते, ते उठलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "मिस्त्री, काय बोलून राह्यले? मालात खोट नाही. आपण वीस वर्षांचे दोस्त."

"दोस्त हाय म्हनूनच खाल्ले. दुसऱ्याचे खाल्ले असते तर त्यानं तंगडं मोडलं असतं."

लोक जमले. कांदेवाल्याने विचारलं, "बाई, घेता ना?" मी म्हटलं, "घेते." आणि घेतले. तेवढंच बोलले मी त्या दिवशी.

दोन दिवसांनी कादरभाई घरी आले. सगळे पैसे घेऊन. मिस्त्रींनी जिनवरून काठी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "मी खाल्ले नाहीत. पण तुम्हाला वाटते तर हे ठेवून मी काय करू?" आणि काठीचे तुकडे सोडवायला लागले. दोरी गुंडाळताना गळ त्यांच्या बोटांत आला. उघडा गळ, त्यावर गांडूळ नव्हतं. त्यांचा अंगठा टोकावरून खाली उतरला आणि थांबला.

जन्मभर लोखंड घासलेला माणूस. कानशीचा घाव त्याला कळणार नाही? त्यांनी एकदा मिस्त्रींकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मी दारात होते. फार वेळ नाही. मग तो गळ दोरीत गुंडाळला, चाक फिरवलं — कर्र — आणि काठी कापडात बांधून निघाले. दोस्ताच्या बायकोचं नाव दोस्तापुढे घ्यायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. मला? मला फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं. मिस्त्री मारणारे नव्हते. फार तर आठ दिवस बोलले नसते, सासूने माहेरी पाठवायची भाषा केली असती. तेवढंसुद्धा मला सोसायचं नव्हतं.

पैसे परत दिले म्हणजे खाल्ले असणार, असं गाव म्हणालं. त्यानंतर नागपूरहून काही आणायला कोणी त्यांच्याजवळ पैसे दिले नाहीत. चष्मा नाही, औषध नाही. दुरुस्तीलाही लोक दुसरीकडे जायला लागले. वर्षभरात त्यांनी दुकान आवरलं आणि पांढरकवड्याला हमरस्त्यावर ट्रकच्या कामाला गेले, दुसऱ्याच्या हाताखाली.

त्या परत आलेल्या पैशांतून मिस्त्रींनी मला शिलाई मशीन आणून दिलं. म्हणाले, "तुहंच खरं होतं." मी दुसऱ्याच दिवशी त्यावर परकर शिवला. चांगलं चालायचं मशीन. त्याचा मी राग राग केला, ते टाकून दिलं, असं काही समजू नका. पुढे त्यावरच तीन लेकरं वाढवली. त्याची मला लाज नाही. लेकरांना खायला लागतं.

वाढवावी लागली, कारण सहा वर्षांनी मिस्त्री काविळीने गेले. आठ दिवसांत गेले. कळवलेलं नसताना कादरभाई पांढरकवड्याहून आले. केस पिकले होते, उजव्या हाताचं एक बोट अर्धं नव्हतं. खांदा द्यायला पुढे झाले तेव्हा जिनमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं असणार. तरी खांदा दिला.

तिसऱ्या दिवशी निघताना ते माझ्यापाशी आले. सासू आत होती, लेकरं शेजारी. आम्ही दोघंच. खाली बघून म्हणाले, "भाभी, एक विचारतो. मिस्त्री मला आखरीपर्यंत चोरच समजत होते का?"

तुम्हाला वाटेल, त्यांनी मला जागा करून दिली. मलाही तेव्हाच कळलं. मिस्त्री नव्हते, भीती कोणाची उरली नव्हती, ऐकणारा एकच माणूस होता आणि त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून पाहिजे होतं. किंवा निदान खोटं तरी — नाही कादरभाई, शेवटी त्यांना पटलं होतं — एवढं म्हटलं असतं तरी तो माणूस घरी जाऊन झोपला असता.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली. टोपी नीट केली आणि एस.टी.च्या दिशेने चालायला लागले. मी ते वळणापाशी दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले, आणि हाक मारली नाही.